जुनं क्रॅक कोरल, जुनं फोटोशॉप: दुकान चालतंय तोवर चालतंय?

मांजराकाठचा (लातूर)

राम राम मंडळी.

फ्लेक्स, डीटीपी, लग्नपत्रिका, फोटो स्टुडिओ, क्लासच्या नोट्स असलं काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढायलोय. मी स्वतः डिझायनर नाही. गंजगोलाईच्या आसपासच्या दुकानांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क बघतो. त्यामुळं कुणाच्या मशीनमध्ये काय टाकलंय ते बघण्यात येतं. डिझाइनचं कोरल ११, कोरल १२, त्यानंतरचं कोरल एक्स-थ्री, फोटोशॉप ७, पानं जुळवायचं पेजमेकर ७, आणि खाली विंडोज सेव्हन. सगळं क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं, सगळं कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेलं. फोटोशॉप ७ हे २००२ चं. कोरल १२ हे २००४ चं, आणि त्याच साली ॲडोबीनं पेजमेकरचं पुढचं काम थांबवलं. दुकानात कामाला असलेल्या पोरापेक्षा सॉफ्टवेअर वयानं मोठं आहे.

ऐन लग्नसराईत ओळखीच्या एका दुकानात काय झालं ते सांगतो. गिऱ्हाइकानं पुण्याहून पत्रिकेची सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल आणली. नव्या व्हर्जनची. दुकानातल्या एक्स-थ्रीत ती उघडेना. खरं तर समोरच्याला फोन करून 'जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा' म्हणायचं, विषय संपला. पण गिऱ्हाईक डोक्यावर उभं. ऑपरेटरनं यूट्यूबवर 'कोरल फुल व्हर्जन फ्री' शोधलं, व्हिडिओखालच्या लिंकवरून झिप उतरवली. झिपला पासवर्ड होता आणि तो व्हिडिओतच लिहिलेला. आत सूचनांची फाइल: अँटीव्हायरस बंद करा, मग सेटअपवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. पोरानं इमानदारीनं सगळं केलं. कोरल काही सुरू झालं नाही. थोड्या वेळानं एकेका फाइलीच्या नावाला मागं चार अक्षरांचं शेपूट लागत गेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी येऊन बसली. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केला तर निम्म्यात, ४९० डॉलरमध्ये सोडवू.

पत्रिका गेल्या, एका पतसंस्थेचा छापायला निघालेला अहवाल गेला, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो गेले. मालक म्हणाले, कोरल आपोआप बॅकअप ठेवतं की! ठेवतं. 'बॅकअप ऑफ अमुक' नावानं, त्याच फोल्डरमध्ये. त्यालाही शेपूट.

'ओरिजिनल घ्या' एवढं सांगायला हा धागा नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी कुणी घेत नाही. का घेत नाही, आणि घ्यायचं नसेल तर निदान काय करायचं, यावर बोलू.

निव्वळ_परभणीकर

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत कोरल एक्स-थ्री. कितीतरी वर्षं झाली, एकदा बंद पडलं नाही. तुमच्या त्या पोरानं नको तिथं बोट घातलं, त्यात जुन्या कोरलचा काय दोष? उलट जुनंच वापरत बसला असता तर वाचला असता.

आणि एक हिशोब सांगा. फ्लेक्सचा फुटामागचा भाव शेजारच्यानं पाडला की मला पाडावा लागतो. वाढदिवसाचा बॅनर दहा बाय पाच, त्यात डिझाइनचे पैसे कुणी देत नाही, वर पाहुण्यांचे चाळीस फोटो टाका म्हणतात. ह्यातून मी महिन्याला सॉफ्टवेअरचं भाडं कुठून काढू? २०१३ पासून ॲडोबीनं फोटोशॉपचं नवं व्हर्जन विकत द्यायचं बंदच केलं. नुसतं भाडं भरा. भाडं थांबलं की दुकान थांबलं.

मांजराकाठचा

परभणीकर, तुमचं पहिलं म्हणणं मला तपासावंसं वाटतं. पोराला नव्या कोरलची हौस नव्हती. जुन्यात नवी फाइल उघडत नाही म्हणून तो शोधायला गेला. जुनं व्हर्जन धरून बसलं की बाहेरून येणारी फाइल कधी ना कधी अडतेच, आणि अडली की माणूस क्रॅक शोधतो, तेही घाईत. तुमच्याकडं अशा वेळी काय करता?

निव्वळ_परभणीकर

पीडीएफ मागवतो. नाहीतर ओळखीच्या दुकानात जाऊन कन्व्हर्ट करून आणतो. त्याच्याकडं नवीन आहे.

(हो, त्याचंही क्रॅकच आहे. हसू नका.)

स्क्रू_ड्रायव्हर (जालना)

मांजराकाठचे, तुम्ही सांगताय तो बहुतेक 'स्टॉप-डीजेव्हीयू' घराण्यातला रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. २०१८ पासून फिरतोय आणि त्याचा मुख्य रस्ताच क्रॅक आणि की-जनरेटर (खोटे सीरियल नंबर बनवणारे प्रोग्राम). मोठ्या कंपन्यांच्या मागं तो लागत नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे घरचा कॉम्प्युटर, विद्यार्थी, आणि आपल्यासारखी दुकानं. ९८० आणि ४९० हे आकडे त्याच्याच चिठ्ठीतले.

झिपला पासवर्ड का असतो तेही सांगतो. पासवर्ड असला की डाउनलोड होताना ब्राउझरला किंवा अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही. लोकांना वाटतं, पासवर्ड दिलाय म्हणजे माल खास आहे.

आता कामाचं. कुणावर ही वेळ आलीच तर:

मशीन लगेच नेटपासून आणि बाकीच्या मशीनपासून तोडा. फॉरमॅट मारायची घाई करू नका, ती हार्ड डिस्क तशीच काढून ठेवा. हा व्हायरस आपल्या सर्व्हरशी बोलू शकला नाही तर पोटात ठेवलेली एकच ठरलेली किल्ली वापरतो. अशा वेळी चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी इंग्रजी 'टी' आणि '१' दिसतं. एमसिसॉफ्ट कंपनीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये यावर मोफत साधन काढलं. तुमच्याकडं आलेल्या व्हायरसच्या प्रकाराची ती ठरलेली किल्ली त्यांना मिळालेली असेल तर फायली सुटतात. सर्व्हरवरून आलेली किल्ली असेल तर आजच्या घडीला सुटत नाहीत. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर, जी युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केली, बाकी घराण्यांची साधनंही आहेत.

आणखी एक. घाई असते म्हणून हा व्हायरस प्रत्येक फाइल पूर्ण कुलूपबंद करत नाही, सुरुवातीचा दीडशे केबीचा भाग तेवढा बिघडवतो. म्हणून मोठ्या झिपमध्ये भरून ठेवलेलं जुनं काम असेल तर पहिली फाइल सोडून बाकीच्या बऱ्याच वेळा काढता येतात. 'सोडवून देतो' म्हणणारे लै फिरायलेत, त्यांना आगाऊ पैसे देऊ नका.

तक्रार १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पण लोक करत नाहीत, कारण 'हा व्हायरस आला कुठून' ह्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

क्लासच्या_नोट्स (लातूर)

मी एका कोचिंग क्लासच्या नोट्स आणि पेपर टाइप करते. दुकान मालकांचं, मशीन मालकांचं, सॉफ्टवेअर मी यायच्या आधीपासूनचं. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, त्या मशीनवर मी माझं जीमेल उघडते. व्हॉट्सॲप वेबही सुरूच असतं, कारण सर लोक प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्याला काही धोका?

दोन, उद्या कुणी तपासायला आलं तर गुन्हा कुणावर? मालकावर की खुर्चीत बसलेली म्हणून माझ्यावर?

स्क्रू_ड्रायव्हर (जालना)

ताई, तुमचा पहिला प्रश्न फार मोलाचा. रॅन्समवेअर निदान बोंब मारून येतो. दुसरी जात गुपचूप येते. रेडलाइन, रकून, विडार ही त्यातली गाजलेली नावं. ती फायलींना कुलूप लावत नाहीत. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीज उचलून पाठवतात आणि गप्प बसतात. कुकी गेली म्हणजे पासवर्ड न विचारताच तुमचं खातं दुसऱ्याच्या मशीनवर उघडू शकतं. तुमच्या फोनवर ओटीपीसुद्धा येणार नाही.

आपल्याकडं डीटीपीच्याच मशीनवर आधार कार्डाची झेरॉक्स, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीक विम्याचे फॉर्म चालतात. डेस्कटॉपवर लोकांच्या आधारच्या पीडीएफ, पासबुकाची पहिली पानं, पोरांच्या मार्कशीट पडलेल्या असतात. एका बॅनरच्या फाँटसाठी उतरवलेल्या क्रॅकच्या शेजारी गावच्या माणसांचं हे सगळं. मला कोरलपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

तुम्ही एवढं करा: त्या मशीनवर पासवर्ड सेव्ह करू नका, काम झालं की लॉगआउट, आणि फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी काही दिसतंय का ते अधूनमधून बघा.

परभणीकरांसाठी: तुमचं 'एकदा बंद पडलं नाही' हे खरं असेल. पण जुन्या क्रॅकमध्येही फायली बदललेल्या असतात. सीएस सहाच्या, म्हणजे ॲडोबीच्या भाड्याआधीच्या शेवटच्या व्हर्जनच्या काळात परवाना तपासणारी डीएलएल फाइल काढून तिथं दुसरी बसवायची पद्धत होती, आणि विंडोजच्या होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये ॲडोबीचे नेटवरचे पत्ते अडवायचे. म्हणजे अपडेट कायमचं बंद. ॲडोबी जवळपास दर महिन्याला दुरुस्त्या काढते, त्यात 'वाकडी बनवलेली फाइल उघडली की परका कोड चालतो' असली भोकं असतात. तुमच्या व्हर्जनची भोकं कुणीच बुजवणार नाही.

फाँटचंही तसंच. मार्च २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की विंडोजच्या फाँट वाचणाऱ्या भागात भोकं सापडली आहेत आणि विंडोज सेव्हनवर त्यांचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापर होतोय. ते हल्ले निवडक ठिकाणचे होते, पण भोक सगळीकडं एकच. तसली फाइल प्रीव्ह्यू पेनमध्ये नुसती दिसली तरी पुरे. सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला होता, त्यामुळं एप्रिलमध्ये आलेली दुरुस्ती सेव्हनवर फक्त जादा पैसे भरून मुदत वाढवलेल्यांना मिळाली. आपल्या दुकानांत 'मराठी फाँट पाचशे' नावाच्या झिपा किती फिरतात ते तुम्हीच सांगा.

काळा_कोट_नांदेड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हा सर्वसाधारण खुलासा आहे, सल्ला नव्हे.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-ब. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून जो कॉम्प्युटरवर वापरतो, त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. आर्थिक फायद्यासाठी किंवा धंद्याच्या ओघात वापर नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि फक्त पन्नास हजारांपर्यंत दंड लावू शकतं. दुकानदाराला ही सवलत मागता येत नाही, कारण त्याचा वापर धंद्यासाठीच असतो. कलम ६४ खाली उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि त्या बनवायची साधनं जप्त करू शकतो.

ताई, कलमात 'जो माहीत असून वापरतो' असं आहे, 'मालक' असं नाही. व्यवहारात रोख मालकावर असतो, कारण निर्णय आणि फायदा त्याचा. पण 'मी नोकर आहे' एवढ्यानं सुटका आपोआप होत नाही. तुम्ही स्वतः क्रॅक टाकू नका, आणि लायसन्सबद्दल मालकांना व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी विचारून ठेवा.

क्रॅक टाकून देणारा कॉम्प्युटरवाला हा वेगळा विषय. त्याच्यावर कलम ६३ येऊ शकतं.

निव्वळ_परभणीकर

वकील साहेब, नांदेड-परभणीत ह्या कलमाखाली कुणी आत गेल्याचं आजवर ऐकलं नाही. आणि मांजराकाठचे, ते 'टाकून देणारा' म्हणतात त्यात तुम्ही येता का? 😄

मांजराकाठचा

मी टाकून देत नाही. म्हणून काही गिऱ्हाइकं शेजारच्याकडं जातात, आणि बिघडलं की परत माझ्याकडं येतात.

काळा_कोट_नांदेड

परभणीकर, ऐकलं नाही हे बरोबर. कुणी दारोदार फिरत नाही. तुम्हाला नोटीस येण्याचा संभव तुमच्या आकारावर आणि तुम्ही कुणासाठी काम करता यावर आहे. बँकेचं, कारखान्याचं, शासकीय कंत्राटाचं काम घेतलं की परवान्याचं बिल मागितलं जाऊ शकतं.

जाता जाता गंमत सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-अ प्रमाणं निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या कामाखाली तुम्ही स्वतःचा पत्ता टाकून हजार प्रती जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच वाटता.

आणि एक सावधगिरी: 'सॉफ्टवेअर कंपनीकडून बोलतोय, आत्ता फोनवर पैसे भरा नाहीतर धाड' असे फोन आले तर पैसे भरू नका. खरी नोटीस लेखी येते आणि तिला उत्तर द्यायला मुदत असते.

रेषा_आणि_रंग (छत्रपती संभाजीनगर)

मी फ्रीलान्स काम करते, त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात.

'सीएस-टू (फोटोशॉप वगैरेचा जुना संच) तर ॲडोबीनंच फुकट केलंय' असं ऐकायला मिळतं, म्हणून आधी ते. डिसेंबर २०१२ मध्ये ॲडोबीनं सीएस-टूचे परवाना तपासणारे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी ते विकत घेतलं होतं त्यांच्यासाठी सर्व्हर न लागणारी प्रत आणि सीरियल नंबर ठेवले. पान उघडं होतं, जगानं उतरवून घेतलं. परवाना मात्र जुन्या गिऱ्हाइकांनाच होता.

तसंच व्हॉट्सॲपवर 'लाइफटाइम लायसन्स, फक्त अमुक रुपये' विकणारे. बऱ्याचदा ते परदेशी कॉलेजच्या खात्यातली जागा विकतात. कॉलेजनं खातं साफ केलं की तुमचं लायसन्स आणि क्लाउडवरचं काम दोन्ही जातं. बिल मागा, जीएसटी नंबरसह. विकणारा तिथंच गप्प होतो.

पण मला खरा मुद्दा वेगळाच वाटतो. भाड्याचे पैसे हे एक कारण झालं. दुसरं कोणी बोलत नाही.

खिळेजुळारी (अंबाजोगाई)

मी बोलतो. मी छापखान्यातले शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे जुळवत ह्या धंद्यात आलो आणि तिथून पेजमेकरवर. आमच्याकडं पेजमेकर का सुटत नाही ते ऐका.

माझ्या मशीनवर कवितासंग्रह, दिवाळी अंक, देवस्थानांची माहात्म्यं, शाळांची स्मरणिका असं ढिगानं पडलंय. सगळं श्री-देव-०७१४ नाहीतर डीव्हीबी-सुरेखमध्ये टाइप केलेलं. हे फाँट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीच्या आधीचे. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत बसलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट काढून घेतला की 'मराठवाडा' च्या जागी कसलीतरी कचाकच. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जायचं तर एक तर तो जुना फाँट सोबत न्या, नाहीतर सगळा मजकूर बदला.

फाइल उघडण्याचंही तसंच. पेजमेकरनंतर आलेलं ॲडोबीचं इनडिझाइन पेजमेकर ६ पासूनच्या फायली उघडायचं, पण सीएस सहापर्यंतच. त्यानंतरच्या भाड्याच्या व्हर्जनमध्ये ती सोय काढून टाकली. म्हणजे मी उद्या प्रामाणिकपणे पैसे भरून नवं इनडिझाइन घेतलं तरी माझी जुनी पुस्तकं त्यात उघडत नाहीत! चोरीचं सोडवत नाही ते पैशापायी आणि ह्या गाठीपायी. माझ्या मते गाठ मोठी आहे, पैसे लहान.

आणि फाँटसुद्धा कुठं सगळ्यांचे विकत घेतलेले आहेत? श्री-लिपी ह्या फाँटच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असायची, मशीनच्या पाठीमागं लावायची. लोकांनी तीही तोडली. विंडोज बदललं की तोडलेलं चालत नाही, म्हणून विंडोजही जुनंच. एकाच्या पायात एक.

मांजराकाठचा

काका, हे मला तुकड्यातुकड्यानं दिसत होतं, तुम्ही सलग सांगितलंत. फाँट जुना म्हणून पेजमेकर जुना, पेजमेकर जुनं म्हणून विंडोज जुनं, विंडोज जुनं म्हणून नवं कोरल बसत नाही, आणि मग यूट्यूब. आधी फाँटची गाठ सोडवली पाहिजे, लायसन्स नंतर.

एक उपयोगाची गोष्ट. लिब्रेऑफिस ड्रॉ मोफत आहे आणि त्यात २०१५ पासून पेजमेकरच्या फायली उघडायची सोय आहे. सीडीआरसुद्धा उघडतं. मांडणी थोडी हलते, पण मजकूर हाती लागतो.

खिळेजुळारी (अंबाजोगाई)

बघतो. मजकूर निघाला की श्री-लिपीतून युनिकोड करायचं कन्व्हर्टर असतं, ते मी वापरलंय. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, र्‍या-ऱ्हच्या ठिकाणी भलतंच येतं, अनुस्वार दोनदा पडतो. मुद्रितशोधन पुन्हा करावंच लागतं. म्हणून सगळं एकदम काढू नका. जे पुन्हा छापायची शक्यता आहे तेवढंच आधी.

आणि आमच्या ऑपरेटरांची बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डला सरावलेली. युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्डच शिकावा लागतो असा त्यांचा समज आहे. टाइपरायटरचा कीबोर्ड युनिकोडमध्येही मिळतो, हे सांगितलं की निम्मा विरोध मावळतो.

रेषा_आणि_रंग (छत्रपती संभाजीनगर)

काकांनी अगदी तेच सांगितलं. युनिकोडवर यायचं म्हटलं की जुनं सॉफ्टवेअर स्वतःच आडवं येतं. फोटोशॉप ७ मध्ये युनिकोड मराठी पेस्ट करा: पहिली वेलांटी अक्षराच्या मागं पडते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. कोरलमध्ये हे नीट जमायला एक्स-सिक्स, म्हणजे २०१२ उजाडलं. ॲडोबीकडंही सीएस सहाच्या सुमारास. तुमचं एक्स-थ्री युनिकोड मराठी लिहूच शकत नाही, परभणीकर.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर किंवा फाँट घेण्याआधी मी एक ओळ टाकून बघते:

'ॲड. श्रीकृष्ण क्षीरसागर, सौ. ज्ञानेश्वरी, वऱ्हाडी मंडळींचे हृद्य स्वागत, कृपया दुपारच्या स्नेहभोजनास'

ह्यात लग्नपत्रिकेत लागणारं जवळपास सगळं येतं. 'ऱ्हा' चा अर्धा र, 'हृ', 'द्य', 'ज्ञ', 'क्ष'. आणि 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळं जुन्या फाँटमध्ये तिथं रिकामा चौकोन येतो. वकिलांच्या घरचं लग्न असेल तर पत्रिकेच्या पहिल्याच शब्दाला चौकोन.

मोफत आणि कायदेशीर फाँट भरपूर आहेत: एक टाइपचे मुक्ता आणि बलू, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, नोटो, पुस्तकासाठी टिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. गूगल फाँट्सवर मिळतात, छपाईत वापरायला आडकाठी नाही.

सॉफ्टवेअरचं माझं मत, न पटलं तर सोडा. फ्लेक्सवाल्यांना इंकस्केप पुरतं. ते आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांत काम करतं, पण फ्लेक्स मशीनचं रिप (डिझाइन छापण्याजोगं करून मशीनला देणारं सॉफ्टवेअर) स्वतःच रंग बदलून घेतं. ऑफसेटला मात्र ते देऊ नका. आरजीबीतला काळा चार रंगांत फुटतो आणि बारीक अक्षराच्या कडेला निळी-गुलाबी सावली येते. ऑफसेटसाठी स्क्रायबस, त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांतली पीडीएफ होते आणि २०२४ च्या १.६ व्हर्जनमध्ये देवनागरी नीट बसते. फोटोसाठी गिंप किंवा क्रिता. ॲफिनिटी ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनव्हानं मोफत केलं, पण त्याच्या आधीच्या व्हर्जनमध्ये मराठी जोडाक्षरं तुटायची, म्हणून वरची ओळ टाकून बघितल्याशिवाय कामाला घेऊ नका.

कोरलची सवय सुटत नसेल तर एकदाच पैसे भरून घ्यायचं कोरल अजून विकत मिळतं. भाडंच भरावं लागतं असं नाही.

निव्वळ_परभणीकर

एकदाच पैसे भरून मिळतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदार भाड्याचंच सांगतात.

माझ्याकडं दोन मशीन. एक फ्लेक्सला जोडलेलं, एक डिझाइनचं. समजा एकच कोरल घेतलं. दुसऱ्यावर जुनं राहू दिलं आणि नेट काढून टाकलं तर?

मांजराकाठचा

व्हायरसच्या बाजूनं बघितलं तर चांगलं. पण नेट काढणं म्हणजे केबल काढणं. 'आम्ही त्यावर नेट वापरत नाही' म्हणायचं आणि पोरानं मोबाइलचं हॉटस्पॉट लावायचं, हे मी बघितलंय. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्या मशीनला लागता कामा नये. आधी नव्या मशीनमध्ये लावा, तिथं स्कॅन करा, मग तुमच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवरून न्या.

बॅकअपची हार्ड डिस्क चोवीस तास लावून ठेवू नका. लावलेली असली तर तिलाही शेपूट लागतं. आठवड्याला लावा, कॉपी करा, काढून कपाटात.

आणि नव्या मशीनवर विंडोज टेन घालू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचाही नेहमीचा सपोर्ट संपला.

काळा_कोट_नांदेड

नेट काढल्यानं व्हायरस अडेल, कलम ६३-ब अडणार नाही. फ्लेक्सच्या मशीनवर फक्त रिप ठेवा, त्याचं डोंगल मशीनसोबत आलेलंच असेल. तिथं कोरल कशाला हवंय?

निव्वळ_परभणीकर

साइज बदलायला. गिऱ्हाईक ऐनवेळी सहा बाय चारचं आठ बाय चार करतं.

रेषा_आणि_रंग (छत्रपती संभाजीनगर)

तेवढ्यासाठी इंकस्केप टाका. सीडीआर थेट उघडून फाँट हलवत बसू नका, नव्या मशीनवरून पीडीएफ आणा, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारांत बदलून.

क्लासच्या_नोट्स (लातूर)

ताई, तुमची ती ओळ मी क्लासच्या मशीनवर टाकून बघितली. आमच्या नेहमीच्या युनिकोड फाँटमध्ये 'ॲड.' ला चौकोन आला आणि 'ऱ्हा' तुटला. मुक्तामध्ये सगळं नीट. पण गणिताच्या पेपरला काय करू? समीकरणं आम्ही जुन्या वर्डमध्ये करून पेजमेकरमध्ये चित्र म्हणून चिकटवतो. सरांनी ऐनवेळी एक आकडा बदलला तर सगळं पहिल्यापासून.

खिळेजुळारी (अंबाजोगाई)

पोरी, लिब्रेऑफिस रायटरमध्ये समीकरणाची सोय आतच आहे, डबल क्लिक केलं की आकडा बदलता येतो. पेपरासाठी पेजमेकर लागतच नाही. दोन कॉलमचं पान, मराठीला मुक्ता, आणि एक जुना पेपर त्यात बसवून मालकांना दाखव. उत्तरपत्रिकेची रकाने असलेली पानं मात्र स्क्रायबसमध्ये कर, ती रायटरमध्ये हलतात.